मंडपातली शपथ आणि त्यानंतरचे तीन आठवडे

गिरणगावातल्या एका सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या ५३ वर्षांच्या कार्यवाहांचे पत्र आले आहे. गेल्या वर्षी गणेश चतुर्थीला आरतीनंतर मंडळाच्या अकरा कार्यकर्त्यांनी धूम्रपान सोडण्याची शपथ घेतली आणि त्यांच्या नावांचा फलक मंडपाबाहेर लावण्यात आला. दिवाळीपर्यंत त्यांतले बहुतेक जण पुन्हा टपरीवर दिसू लागले. त्यांत कार्यवाहांचा धाकटा भाऊही आहे. तो ४४ वर्षांचा आहे, शिफ्टमध्ये नोकरी करतो, दिवसाला पंधरा सिगारेटी ओढतो. आता तो तोंडात लवंग धरून घरी येतो आणि थोरल्या भावासमोर बसायचे टाळतो. पत्रात तीन प्रश्न आहेत. शपथ मोडणाऱ्याला पाचशे रुपये दंड करून कार्यकारिणीतून कमी करण्याचा ठराव यंदाच्या सभेत मांडावा का? लोकलच्या डब्यात जाहिरात असते ते ‘न सांगता देता येणारे’ औषध भावाच्या चहात घालून पाहावे का? आणि ओळखीच्या डॉक्टरांचे कर्करोगावर व्याख्यान ठेवावे का? पत्राच्या शेवटी ते लिहितात, ‘माणसालाच इच्छाशक्ती नसेल, तर मंडळ काय करणार आणि सरकार तरी काय करणार?’

सप्रेम नमस्कार,

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दात संपते: नको. ज्या पुडीत काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, ती पंधरा सिगारेटी ओढणाऱ्या आणि म्हणून हृदयविकाराचा धोका आधीच वाढलेल्या माणसाच्या चहात घालणे घातक ठरू शकते. शिवाय कोणालाही न कळता त्याची सिगारेट सोडवेल असे औषध अस्तित्वात नाही. जी औषधे खरोखर उपयोगी पडतात, ती घेणाऱ्याला ठाऊक असावी लागतात, कारण ती कधी आणि कशी घ्यायची हे त्यानेच सांभाळायचे असते. आणि उद्या भावाला हे कळले, तर सिगारेट राहील बाजूला आणि घरातल्या चहावरचा त्याचा विश्वास जाईल.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येऊ, कारण दंडाची कल्पना त्यातूनच आलेली आहे. अकरा जण मंडपात, गणपतीसमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीने उभे राहिले, याचाच अर्थ त्यांच्याकडे इच्छा होती. २०१६-१७ च्या दुसऱ्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या ५५.४ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी आपण सोडण्याच्या विचारात आहोत असे सांगितले होते. इच्छेचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. परंतु केवळ इच्छेच्या बळावर, कोणतीही मदत न घेता सिगारेट सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकून राहणारे जेमतेम शंभरात तीन ते पाच असतात, हे जगभरच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. या हिशेबाने तुमच्या अकरांपैकी एखादाही टिकला असेल, तर तुमचे मंडळ सरासरीच्या पुढेच आहे. त्या एकाला गाठून, त्याने हे कसे निभावले ते शांतपणे विचारावे, असे मी सुचवेन.

शपथ मोडली ती नेमकी का, हेही समजून घ्यायला हवे. सिगारेटच्या धुरातले निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. दिवसाला पंधरा सिगारेटी ओढणाऱ्याचे शरीर या चढउताराला इतके सरावलेले असते, की पुरवठा थांबताच चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, वाढलेली भूक, बद्धकोष्ठता आणि कशातही मन न लागणे हे सगळे एकदम सुरू होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत हा त्रास सर्वाधिक असतो आणि पुढे दोन ते चार आठवड्यांत हळूहळू ओसरतो. आता तुमच्या कार्यकर्त्यांनी शपथ कोणत्या दिवशी घेतली ते पाहा. चतुर्थीच्या दिवशी, म्हणजे पुढचे दहा दिवस रात्रीची जागरणे, रांगेची व्यवस्था, वर्गणीचे वाद, दर तासाला चहा आणि मंडपामागे सिगारेट ओढत उभे असलेले चार मित्र, असे सगळे वाढून ठेवलेले असताना. वर्षातला याहून कठीण दिवस शोधूनही सापडला नसता. आणि अनंत चतुर्दशीला विसर्जन झाल्यावर जो तो आपापल्या कामाला लागला. सर्वांत जास्त आधार हवा होता त्या आठवड्यांत त्या अकरा जणांना ‘कसे चालले आहे?’ असे विचारणारे कोणी उरले नाही. उरला तो फक्त नावांचा फलक.

तो फलक अजून कुठे उभा असेल तर उतरवावा. सार्वजनिक नावामुळे माणूस शब्दाला जागतो हे काही बाबतींत खरे असेलही, परंतु इथे त्या नावामुळे पहिल्या चुकीनंतर मदत मागणे अशक्य झाले. सोडल्यावर एखादी सिगारेट ओढली जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्याच दिवशी पुन्हा थांबता आले तर नुकसान फारसे नसते. पण ज्याचे नाव मंडपाबाहेर लागले आहे, तो ती एक सिगारेट लपवतो, लपवण्यासाठी मित्रांपासून दूर राहतो, आणि मग एकट्याने पुन्हा पंधरावर जातो. तुमच्या भावाच्या तोंडातली लवंग हेच सांगते आहे. दंडाने यात भर पडेल ती लपवण्याची. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो दुसऱ्याच्या श्वासात धूर सोडल्याबद्दल आहे. सिगारेट सोडता आली नाही म्हणून कायदाही कोणाला दंड करत नाही. मंडप आणि मंडळाचे कार्यालय धूरमुक्त ठेवण्याचा ठराव मात्र अवश्य मांडा. सोडू पाहणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो.

‘सरकार तरी काय करणार’ या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठे आहे, फक्त ते एका दाराआड नाही. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून चालू आहे. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि २०१८ मध्ये बंगळुरूची निम्हान्स, गुवाहाटीची डॉ. बी. बरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर अशी आणखी तीन केंद्रे तिला जोडली गेली, ती त्या त्या भागातल्या लोकांना आपल्या भाषेत बोलता यावे म्हणून. फोन केल्यावर समुपदेशक किती ओढता, सकाळची पहिली केव्हा, पूर्वी कधी सोडली होती आणि पुन्हा कशामुळे सुरू झाली, हे विचारतात, सोडण्याची तारीख तुमच्याबरोबर ठरवतात आणि त्यानंतर केंद्राकडून पाठपुराव्याचे फोन येत राहतात. तुमच्या शपथेत जी गोष्ट नव्हती ती हीच. सेवा सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत चालते आणि सोमवारी बंद असते. आपल्याकडे ‘सोमवारपासून सोडतो’ म्हणणारे इतके जण आहेत, की हे मुद्दाम सांगावेसे वाटले.

हा क्रमांक १ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. मग तो तुमच्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर का आला नाही? कारण ते पाकीट विकतच घेत नाहीत. टपरीवर एक किंवा दोन सुट्या घ्यायच्या, तिथेच टांगलेल्या लायटरने पेटवायच्या आणि निघायचे, असा सारा व्यवहार. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यास बंदी आहे आणि टपरीवर त्याचे काय होते हे तुम्ही रोज पाहता. सुटी विक्री चालू राहिली, की पाकिटावरचे चित्र दिसत नाही, क्रमांक दिसत नाही, आणि सोडलेल्या माणसाला पुन्हा सुरुवात करायला खिशात पाकिटाएवढे पैसेही लागत नाहीत. तेव्हा मंडळाच्या फळ्यावर त्या अकरा नावांच्या जागी हा क्रमांक आणि त्याची वेळ मोठ्या अक्षरांत लिहावी, ही माझी पहिली सूचना.

दुसरे दार महापालिकेच्या दवाखान्याचे. तुमच्या भागात केईएमसारखे रुग्णालय आहे, वस्तीत पालिकेचा दवाखाना आहे, आणि ‘आपला दवाखाना’ केंद्रांपैकी काही संध्याकाळीही उघडी असतात, जे शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना सोयीचे पडते. दंत महाविद्यालयांकडेही चौकशी करा, कारण तिथे तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन केंद्र असावे अशी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्जच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय दोन्ही तुम्हाला लांब नाहीत. ज्याचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला आहे, त्याने ‘सिगारेटचाच आहे’ असे म्हणून सोडून न देता थुंकी तपासून घ्यावी. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयरोगाचे प्रमाण जास्त असते, म्हणूनच क्षयरोग आणि तंबाखू या दोन्ही कार्यक्रमांनी एकमेकांचे रुग्ण एकमेकांकडे पाठवावेत, असे केंद्राने २०१७ मध्ये ठरवून दिले आहे. तपासणी मोफत होते.

अडचण इथे आहे, आणि ती मी झाकून ठेवत नाही. फोनवरचा समुपदेशक, दवाखान्यातला डॉक्टर, दंत महाविद्यालयातले केंद्र आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट हे चौघे एकाच माणसाला मदत करू शकतात, पण त्या माणसाला एकाकडून दुसऱ्याकडे घेऊन जाणारा कोणी नसतो. दवाखान्यातल्या गर्दीत डॉक्टरांनी ‘सिगारेट सोडा’ एवढेच म्हटले, तर औषधाची चिठ्ठी, समुपदेशन आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारपूस या पुढच्या पायऱ्या तशाच राहतात. मंडळाला इथे जागा आहे. तुमच्याकडे गल्लीतल्या प्रत्येक घराशी ओळख असलेले कार्यकर्ते आहेत, बसायला खोली आहे आणि वर्गणीसाठी चार-चार वेळा पायऱ्या चढण्याची चिकाटी आहे. दोन-तीन जणांनी जबाबदारी घ्यावी: ज्याला सोडायचे आहे त्याच्याबरोबर बसून फोन लावणे, दवाखान्यात पहिल्या खेपेला सोबत जाणे, आणि सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने भेटणे. नोंदवही ठेवलीत तर ती त्या तिघांपुरतीच राहावी आणि तिच्यात नाव लिहायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. यातला एक जण स्वतः सिगारेट सोडलेला असेल तर फारच चांगले.

औषधांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वाधिक गैरसमज तिथे आहेत. निकोटीनचा च्युइंगगम आणि त्वचेवर चिकटवायची पट्टी मिळते, आणि २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत या उपचाराचा समावेश आहे. गम किंवा पट्टीमुळे टिकून राहण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते. ‘मग निकोटीन गेलेच कुठे?’ असे तुमच्या सभेत कोणी ना कोणी विचारेल. त्याला सांगा, की कर्करोग आणि फुप्फुसांचे आजार होतात ते मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरामुळे. गममधून निकोटीन सावकाश आणि थोडे मिळते, धूर मिळत नाही, आणि साधारण तीन महिन्यांत तेही कमी करत थांबवायचे असते. गम दोन आणि चार मिलिग्रॅममध्ये येतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर सहसा जास्त मात्रेची गरज पडते, पण ते डॉक्टरांशी बोलून ठरवावे. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

गम फसतो तो बहुधा खाण्याच्या पद्धतीमुळे. लोक तो नेहमीच्या च्युइंगगमसारखा भराभर चघळतात, मग उचकी लागते, पोटात जळजळते, मळमळते, आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून गमचे पाकीट तसेच कपाटात पडते. तो सावकाश चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा, झिणझिणी ओसरली की पुन्हा थोडा चावायचा, असे सुमारे अर्धा तास चालवायचे. त्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी, सरबत, सोडा काही नाही, कारण त्यांच्या आम्लामुळे निकोटीन नीट शोषले जात नाही. कामाच्या जागी दर तासाला कटिंग घेणाऱ्याला हे जड जाते, पण त्याने चहा तसाही कमी करावा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन लवकर निकालात काढत असते. सिगारेट थांबली की तेवढ्याच चहातले कॅफिन शरीरात जास्त वेळ राहते. ‘सिगारेट सोडल्यावर हात थरथरतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही’ अशा तक्रारीत चहाचाही वाटा असतो. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही सिगारेट सोडायला मदत करणारी दोन औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची, आणि ज्याला फिट येतात त्याला ब्युप्रोपिऑन चालत नाही. कोणी पुतण्या-भाचा ई-सिगारेट सुचवील, तर तिच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे एवढे त्याला सांगा. सिगारेट सोडून मावा किंवा तंबाखू सुरू करणे ही तर सुटका नाहीच.

आता तुमचा भाऊ. आपल्याकडे धाकटा भाऊ थोरल्यासमोर सिगारेट पेटवत नाही, तो मान राखतो. त्या मानामुळेच तुम्ही त्याचे समुपदेशक होऊ शकत नाही. तुमच्यासमोर तो ‘सोडली, दादा’ याशिवाय काहीच बोलू शकणार नाही. फोनवरच्या अनोळखी माणसाला तो रात्रपाळीत किती ओढतो, पैसे कुठून येतात, घरी काय सांगतो, हे सगळे सांगू शकेल. तुम्ही एवढेच करावे: त्याला एकट्याला गाठून सांगावे, की फलक लावण्यात मंडळाची चूक झाली, त्याने पुन्हा सुरू केली म्हणून तुमच्या मनात राग नाही, आणि हा क्रमांक आहे, पाहिजे तेव्हा लावावा. लावला का, असे दुसऱ्या दिवशी विचारू नये. पहिल्या पंधरवड्यात तो घरात चिडेल, ताटावरून उठेल, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे, आणि त्या दिवसांत रात्रपाळी टाळता येत असेल तर बरे. सोडल्यानंतर सतत उदास वाटत असेल किंवा मनात नको ते विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

तारखेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. चतुर्थी नको. आपल्याकडे गटारी झाली की श्रावण पाळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही त्या महिन्यात सिगारेटही बंद ठेवतात. श्रावणाच्या सुरुवातीला तारीख घेतली, तर शरीराचा सर्वांत कठीण काळ गणपती येण्याआधी मागे पडतो. धोका एवढाच, की ‘पाळणारा’ माणूस महिना संपण्याची वाट पाहत असतो. म्हणून त्या तारखेआधीच फोन लावून, औषधाची गरज विचारून घ्यावी, आणि उत्सवाच्या दहा दिवसांत नव्याने सोडलेल्यांना रात्रीच्या मंडपड्यूटीऐवजी दिवसाची कामे द्यावीत.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या चाळीत नक्की आहे. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. सकाळी मशेरी लावणाऱ्या तुमच्या मावश्या-काकू आणि माव्याची पुडी खिशात ठेवणारी मुले या आकड्यात येतात, आणि १८००-११-२३५६ हा क्रमांक त्यांच्यासाठीही तितकाच आहे. महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय वेगळा घ्यावा, पुरुषांसमोर कोणी बाई मशेरीबद्दल मोकळेपणाने बोलणार नाही.

व्याख्यानाचे म्हणाल तर डॉक्टरांना अवश्य बोलवा, पण कर्करोगाची छायाचित्रे दाखवायला नको. पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून तसल्याच चित्रांनी आणि इशाऱ्यांनी भरलेला आहे आणि चाळिशीतल्या माणसाला ‘आता काय उपयोग, व्हायचे ते होऊन गेले’ एवढेच त्यातून ऐकू येते. त्याला हे सांगणारा हवा, की सोडल्यानंतर वर्षभरात सिगारेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. त्याहूनही उत्तम म्हणजे डॉक्टरांना भाषणाऐवजी आषाढातल्या दोन संध्याकाळी कार्यालयात नुसते बसायला सांगा, दार लोटून घ्या, आणि एकेकाला आत जाऊ द्या. बाहेर बाकावर कोण बसले आहे याची यादी करू नका.